तो आवाज येईल म्हणून

(पडद्यावर: सांगली, विश्रामबाग. पावसानं ओला झालेला रस्ता. पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत दिवा.)

सप्टेंबर २०११. पितृपक्ष चालू होता. या खोलीत आम्ही तिघं फरशीवर बसलो होतो. मध्ये सीडी प्लेअर आणि भडंगाची पुडी. तासगाववाला दुपारच्या गाडीनं पुण्याहून आला होता. त्याच्या सॅकमध्ये, शर्टात गुंडाळून आणलेली ओपेथ या बँडची नवी सीडी. नाव ‘हेरिटेज’. म्हणजे वारसा.

सुरुवातीला वाजला तो नुसता पियानो. जेमतेम दोन मिनिटं. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो, कारण ही त्यांची जुनी रीत. आधी गोंजारायचं, मग गचांडी धरायची. दुसरं गाणं लागलं. आता येईल. नाही आला. तिसऱ्यात येईल. चौथं तर वेगानं धावत सुटलं, आम्ही सरसावून बसलो, तिथंही नाही. सहाव्या गाण्याला मिरजवाल्यानं हात लांब करून आवाज वाढवला. कमी आवाजामुळं तो आम्हाला ऐकू येत नसावा, असंच त्याला वाटलं असणार.

सत्तावन्न मिनिटांनी प्लेअर थांबला. तो आवाज आलाच नाही.

कुणी बोललं नाही. पुडीतलं भडंग तसंच होतं. मग तासगाववाला म्हणाला, “परत लाव. काहीतरी चुकलंय.”

(पडद्यावर: जुने फोटो. इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं, स्कूटर, आयर्विन पूल.)

कुठला आवाज, ते सांगायला हवं.

ओपेथ हा स्वीडनमधल्या स्टॉकहोमचा बँड. १९९० च्या सुमारास सुरू झालेला. गाणी लिहिणारा, गाणारा आणि गिटार वाजवणारा मिकाएल ऑकरफेल्ट. बाकीची माणसं येत गेली, जात गेली, तो राहिला. पहिला अल्बम १९९५ चा. गाणी दहा-दहा मिनिटांची, एखादं तर वीस मिनिटांचं. जड, आक्रमक डेथ मेटल आणि लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं प्रोग्रेसिव्ह रॉक, या दोन जगांचं तोवर फारसं जाणं-येणं नव्हतं. या पोरांनी त्यांच्यात सोयरीक जुळवली.

आमच्यापर्यंत ते पोचले २००४ मध्ये. कॉलेजमधल्या एका सिनिअरनं पुण्याहून कॉपी करून आणलेली सीडी. वर मार्करनं लिहिलेलं नाव, तेही चुकीच्या स्पेलिंगमध्ये. तेव्हा भारनियमन होतं. वीज गेली की डिस्कमॅन बॅटरीवर चालायचा आणि एका इअरफोनचे दोन कान दोघांत वाटून घ्यायचो. तिसऱ्यानं थांबायचं. अकरा मिनिटांच्या गाण्यासाठी अकरा मिनिटं थांबायचं, मग आपली पाळी.

त्या सीडीवर २००१ चा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ होता. हक्कांच्या कारणानं त्यातलं गाणं या फिल्ममध्ये वाजवता येत नाही, म्हणून सांगूनच दाखवतो. चौथं गाणं ‘द ड्रेपरी फॉल्स’. सुरुवातीला साधी गिटार. तिच्यावर दुसरी गिटार एक लांब, ओढलेला सूर धरते. दूरच्या वाडीवरून कुणी हाळी घालावी तसा. मग ऑकरफेल्ट गातो. स्वच्छ, हळू, थकलेल्या माणसाच्या आवाजात. तुम्ही त्या आवाजाशी मैत्री करता. चार-पाच मिनिटं जातात. घाट उतरताना गाडी वळण घेते आणि एकदम पलीकडची दरी दिसते, तसं गाणं वळतं. आणि तोच माणूस, त्याच घशातून, जमिनीखालून आल्यासारखा ओरडतो. त्याला म्हणायचं ग्रोल.

ग्रोल म्हणजे नुसतं बोंबलणं, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नाही. आपण बोलतो-गातो त्या स्वरपट्ट्यांच्या वर आणखी दोन घड्या असतात. त्यांना खोट्या स्वरपट्ट्या म्हणतात. ग्रोल करताना प्रामुख्यानं त्या थरथरतात, आणि खालून दमाचा आधार लागतो. नुसता घसा ताणला तर आवाज आठवड्यात बसेल. ऑकरफेल्टचा ग्रोल इतका खोल आणि इतका स्पष्ट होता की शब्द कळायचे. या प्रकारात ती मोठी गोष्ट आहे.

आमच्या आईनं तो पहिल्यांदा ऐकला, तेव्हा ती दारात हळद निवडत बसली होती. म्हणाली, “कोण वरडतंय रं ह्यो? घसा फाटंल की त्येचा.” पाच मिनिटांनी त्याच गाण्यात तो हळू गायला लागला. तिनं मान वर केली. “आणि ह्यो दुसरा कोण?”

दुसरा कुणी नव्हता. आम्ही वेडे झालो होतो ते त्यासाठीच.

(पडद्यावर: मिरज, सतारमेकर गल्ली. दारात वाळत ठेवलेले भोपळे. एक वयस्क कारागीर, समोर आडवा ठेवलेला तंबोरा.)

हे मिरजवाल्याचे चाचा. सतारी आणि तंबोरे करणारं घर. पोरगा इंजिनिअर झाला, पण सुट्टीला इथंच बसायचा आणि आम्हीही त्याच्या मागं यायचो. तेव्हा पाहिलेली एक गोष्ट दाखवतो.

तंबोऱ्याच्या भोपळ्यावर ही रुंद घोडी असते. तार तिच्यावरून जाते. घोडीचा माथा दिसायला सपाट, पण त्याला अगदी बारीक उतार असतो आणि तार त्या उताराला निसटती घासत वाजते. तो उतार कानशीनं घासून आणायचा, म्हणजे जवारी काढायची. डोळ्यांना तो दिसत नाही. चाचा दोनदा कानस फिरवतात, तार छेडतात, कान खाली नेतात, पुन्हा एकदा फिरवतात. मग तारेखाली हा सुती दोरा सरकवतात. बघा, बोटाच्या टोकानं तो केसभर पुढे गेला. आणि आता ऐका.

(तंबोऱ्याचा आवाज. प्रथम दोरा नसताना. मग दोरा लावून.)

आधी होती तार. आता तारेच्या आत आणखी तारा वाजतात. या दोऱ्याला जीवा म्हणतात. थोडी खरखर, थोडी घासट. सूर खरा तर स्वच्छ हवा, पण नुसता स्वच्छ तंबोरा घेऊन कुणी गायला बसत नाही. खर्जाची पितळी तार तर दोऱ्याशिवाय मुकीच.

२०११ च्या त्या रात्रीनंतर मी मिरजवाल्याला म्हणालो, “त्यांनी दोरा काढून टाकला.” त्याला राग आला. त्याच्याच घरातली वस्तू मी त्याच्यावर उगारली होती.

(पडद्यावर: कृष्णेचा घाट. संध्याकाळ.)

या पायऱ्यांवर आमचं भांडण झालं. मिरजवाल्याला ‘हेरिटेज’ आवडला होता. मला धक्का त्याचाच जास्त बसला. त्याचं म्हणणं साधं होतं आणि मला तेव्हा खोडता आलं नाही. तो म्हणाला, “तुला ‘डॅम्नेशन’ आवडतो का नाही?”

आवडतो. अजून आवडतो. २००२ मध्ये त्यांनी दोन अल्बम बरोबरच केले होते. नोव्हेंबरमध्ये ‘डिलिव्हरन्स’ आला, त्यांच्या सगळ्यात जड कामांपैकी एक. पुढच्या एप्रिलमध्ये ‘डॅम्नेशन’. त्यात ग्रोल एकही नाही. सगळं मंद, मेलोट्रॉन नावाच्या जुन्या कीबोर्डच्या धुक्यात बुडालेलं. पॉर्क्युपाइन ट्री या इंग्लिश बँडचा स्टीव्हन विल्सन त्यांच्याबरोबर होता. म्हणजे ग्रोल नसलेला ओपेथ आम्ही आधीच डोक्यावर घेतला होता. मग आता बोंब का?

उत्तर सापडायला मला बरीच वर्षं लागली. ‘डॅम्नेशन’च्या शांततेमागं पाच महिन्यांपूर्वीचं ‘डिलिव्हरन्स’ उभं होतं. घरातला जो माणूस चढ्या आवाजात बोलू शकतो, तो एखाद्या रात्री हळू बोलला की सगळं घर कान देतं. त्या हळू बोलण्यात न बोललेलंही असतं. ‘हेरिटेज’मध्ये तो हळू बोलत होता, पण मागं काही दबलेलं नव्हतं. मधूनमधून जोरात वाजायचं, वेगानं वाजायचं, वाजवणारे पट्टीचे होतेच. तरी दरी नव्हती. मला नुसता ग्रोल नको होता. ग्रोल भरलेले हजार बँड आहेत. मला या आवाजापासून त्या आवाजापर्यंतची वाट हवी होती, आणि ती फक्त याच माणसाला ठाऊक होती.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. ‘हेरिटेज’ ऐकताना ठिकठिकाणी ओळखीचं वाटत होतं. हॅमंड ऑर्गन, बासरी, कोरडे ठेवलेले ड्रम्स. १९७० च्या आसपासचे ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह बँड त्याला प्राणप्रिय, हे आम्हाला माहीत होतं. त्याच्यामुळंच तर आम्ही कॅमल आणि किंग क्रिमसन ऐकायला लागलो. पण आधीच्या ओपेथमध्ये ते प्रेम धान्यातल्या पाण्यासारखं आत असायचं. आता ते वर तरंगत होतं. प्रोग्रेसिव्ह म्हणवणाऱ्या संगीतानं चाळीस वर्षं मागं जाऊन राहायचं ठरवलं, याला पुढे जाणं म्हणायला माझी जीभ वळत नव्हती.

त्यांची बाजू सांगतो, कारण ती खरी आहे. आधीचा अल्बम २००८ चा ‘वॉटरशेड’. त्यानंतर ऑकरफेल्टनं त्याच वळणाची दोन गाणी लिहिली आणि बासवाल्या मार्टिन मेंडेझला ऐकवली. मेंडेझ खूष झाला नाही. पुन्हा तेच केलं तर निराशा होईल, असं त्याचं मत पडलं. ऑकरफेल्टलाही मनातून तसंच वाटत होतं. गाणी टाकून दिली. यात लबाडी कुठेच नाही. कंपनीनं सांगितलं म्हणून किंवा चार पैसे जास्त मिळतील म्हणून हे झालं नाही. उलट, चाहते जातील हे दिसत असून झालं. म्हणून तर रागवायला जागा सापडेना. फसवलं असतं तर सोडून दिलं असतं. खरेपणानं दुसरीकडे गेलेल्या माणसाचं काय करायचं?

पुढचे दोन अल्बम, २०१४ आणि २०१६. दोन्ही विकत घेतले. पहिल्याचा थोडा भाग आवडला, दुसरा एकदा ऐकून कपाटात ठेवला. मिरजवाल्याशी बोलणं होतं, या विषयावर नव्हतं.

(पडद्यावर: ऑगस्ट २०१९. पाण्यात बुडालेले रस्ते. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ.)

आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं घर गावभागातलं. आई-बाबांना आधी हलवलं, कागदपत्रं हलवली, बाकी राहिलं. परत आलो तेव्हा कपाटाच्या खालच्या दोन फळ्यांवर गाळ बसला होता. सगळ्या सीडी तिथं.

आईनं बादली भरली. मी केस उघडायचो, ती तबकडी पाण्यातून काढून जुन्या धोतराच्या मऊ कापडानं पुसायची. मधून कडेकडे, गोल फिरवायची नाही, हे मी तिला एकदाच सांगितलं. पुस्तिका चिकटून लगदा झाल्या होत्या. ‘ब्लॅकवॉटर पार्क’चं मुखपृष्ठ मी सोडवायला गेलो, तर त्यावरची झाडं माझ्या अंगठ्यावर आली. ‘हेरिटेज’चं मात्र वाचलं. आईनं ते दोरीवर चिमटा लावून टांगलं आणि बघत राहिली.

“ह्या झाडाला मुंडकी लागल्यात,” ती म्हणाली.

खरंच लागलीत. फळांच्या जागी बँडमधल्या माणसांचे चेहरे. एक चेहरा फांदीवरून खाली पडतोय, तो बँड सोडून गेलेल्या पर विबर्ग या कीबोर्डवाल्याचा. बुंध्याशी कवट्या, त्या आधी गेलेल्यांच्या. पाठीमागं जळणारं शहर. आणि मुळं जमीन फोडून थेट पाताळात गेलेली, तिथं सैतान. त्यांचं जुनं डेथ मेटल म्हणजे ते पाताळ. आठ वर्षं हे चित्र माझ्या घरात होतं आणि मी रागानं नीट बघितलंच नव्हतं. दोरीवर वाळताना बघितलं. मूळ कुठं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ते चितारून ठेवलं होतं, फक्त वाजवलं नव्हतं.

‘ब्लॅकवॉटर पार्क’ची तबकडी धुतल्यावर वाजली. सगळी.

त्याच हिवाळ्यात ओपेथ पुण्याला आले. एनएच सेव्हन वीकेंडर महोत्सवात. दहा वर्षांपूर्वी, २००९ मध्ये, चेन्नईच्या आयआयटीत आले होते, तेव्हा आमच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते. मिरजवाल्यानं फोन केला. “येतोस का? का अजून रुसलायस?” पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी. गाडीत त्यांचा नवा अल्बम लावला. दोन भाषांत केलेला होता तो, स्वीडिश आणि इंग्रजी. आम्ही स्वीडिश ऐकला. शब्द कळत नसल्यामुळं असेल, मला पहिल्यांदा बरं वाटलं. मिरजवाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं, बोलला काही नाही.

आणि मग मैदानात, अंधारात, त्यांनी जुनं गाणं घेतलं आणि तो आवाज आला.

मी काय सांगू. अठरा फुटी स्पीकर असोत नाहीतर कानातला एक इअरफोन, तो छातीतच येतो. मिरजवाल्यानं माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी वळ होता. भोवतीची वीस-बावीस वर्षांची पोरं डोळे मिटून तोंडानं तेच करत होती. आणि त्या गर्दीत मला रडू आलं. आनंदाचं होतंच. पण आतून आणखी काही लागलं. इतकी वर्षं मी मनाची समजूत घातली होती की वय झालं, घसा थकला, जमत नसेल. समोर उभा राहून तो सहज करत होता, दोन गाण्यांच्या मध्ये गप्पा मारत होता, आणि पुन्हा करत होता. घसा शाबूत होता. नवं लिहिताना त्याला तो हवासा वाटत नव्हता, एवढंच. परतीच्या वाटेवर मी खंबाटकीपर्यंत बोललो नाही.

(पडद्यावर: कुपवाड एमआयडीसी. शिफ्ट सुटल्याची गर्दी.)

ऑगस्ट २०२४. मी कामावर. तासगाववाल्याचा फोन. “आला,” म्हणाला आणि ठेवून दिला.

कॅन्टीनच्या मागं जाऊन ऐकलं. नव्या अल्बममधलं पहिलं गाणं, आणि त्यात ग्रोल. २००८ नंतर पहिल्यांदा, सोळा वर्षांनी. नोव्हेंबरमध्ये पूर्ण अल्बम आला, ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ. घरचा कर्ता पुरुष गेलाय आणि त्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय. आठ गाणी. पहिल्या सातांना नावं नाहीत, मृत्युपत्रातल्या कलमांसारखे नुसते आकडे. जेथ्रो टल या जुन्या ब्रिटिश बँडचा इयन अँडरसन निवेदन करतो, बासरीही वाजवतो. वाटणीची गोष्ट, लपवलेली नाती, वारस कोण. आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सात-बाराच्या उताऱ्यावरून तुटलेली घरं प्रत्येकाच्या गल्लीत आहेत.

तिघं पुन्हा जमलो. विश्रामबागेतली खोली कधीच गेली, तिथं आता अपार्टमेंट आहे. मिरजेत चाचांच्या कारखान्यात बसलो, लाकडाच्या भुश्श्यात. पूर्ण ऐकला.

मला काय वाटलं ते सांगतो, कारण त्यासाठीच ही फिल्म केली. आवाज तोच आहे, कदाचित आणखी भरदार. मेलेला बाप आपली कलमं सांगताना तो लागतो आणि तिथं तो शोभतो. पण गाणी आता आखूड आहेत, ठासून भरलेली. ग्रोल आणि गाणं एकाच ओळीत खांद्याला खांदा लावून उभे राहतात. ‘ड्रेपरी फॉल्स’मध्ये चार-पाच मिनिटं चालत जावं लागायचं, तेव्हा दरी यायची. ते चालणं मला यात फारसं मिळालं नाही. दोरा परत लावलाय, जागा थोडी वेगळी आहे. तासगाववाल्याला हे पटत नाही. तो म्हणतो, तुला दिलं तरी रडतोस. मिरजवाल्याला शेवटचं, ग्रोल नसलेलं गाणं सगळ्यात आवडलं. अपेक्षाच होती.

चाचा एवढा वेळ पाठमोरे बसून खुंटी बसवत होते. अल्बम संपल्यावर मिरजवाल्यानं विचारलं, “चाचा, कसं वाटलं?”

त्यांनी कानस खाली ठेवली. “ते ड्रम कोण वाजवतो?”

वाल्तेरी वायरिनेन, आम्ही सांगितलं. फिनलंडचा. २०२२ पासून यांच्याबरोबर आहे.

“हात हलका आहे त्याचा,” चाचा म्हणाले. “त्याचं ते दुसरं गाणं परत लाव.”

(पडद्यावर: मिरजवाल्याचा हात फोनवर. चाचा सरकून स्पीकरजवळ बसतात.)